गेट कुठल्या खात्याचं?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माझ्या नोकरीबद्दल दोन समज पक्के आहेत. मी पंचायत समितीत आहे, म्हणजे पाण्याचं कनेक्शन मिळवून देऊ शकते, हा पहिला. आणि मी आकड्यांचं काम करते, म्हणजे सोसायटीचा वार्षिक हिशेब मीच तपासावा, हा दुसरा. पहिल्यात काही तथ्य नाही. दुसरं काम मी गेली कित्येक वर्षं करते आहे, आणि त्यामुळे सेक्रेटरी लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

माझं पद विस्तार अधिकारी, सांख्यिकी. म्हणजे तालुक्यातली माणसं, जनावरं, हातपंप, शाळा, संडास असं जे जे मोजता येतं ते मोजायचं, आणि दुसऱ्या कुणी मोजलं असेल तर ते खरं आहे का, हे बघायचं. यातला दुसरा भाग अप्रिय आहे. माझे मिस्टर म्हणतात, "तू नोकरीत आहेस तशीच घरात आहेस." बाजारातून आणलेल्या अंड्यांचा खोका मी उघडून बघते, एवढाच या बोलण्याला आधार आहे. 

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचायत समितीने एक संयुक्त पाहणी समिती नेमली. तिची गरज का पडली, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. खेड्यातलं मूल सरकारच्या दृष्टीने अखंड नसतं. त्याचं डोकं शिक्षण खात्याचं. पोट सहा वर्षांपर्यंत महिला व बालकल्याणचं, कारण अंगणवाडीतला खाऊ ते देतात. सहा वर्षं पूर्ण झाली की पोटही शिक्षणाकडे जातं, कारण खिचडी शाळेत शिजते. दंड आणि दात मात्र जन्मापासून आरोग्य खात्याचे. तीन खात्यांचे तीन साहेब तीन वेगवेगळ्या दिवशी गावात यायचे, आणि एकाच मुलाबद्दल तीन वेगवेगळी मतं नोंदवून जायचे. तेव्हा सगळ्यांनी एकत्र जावं, एकत्र बघावं आणि एकच अहवाल द्यावा, असं ठरलं. लिहायला मी.

कागदावर ही फार चांगली कल्पना होती. प्रत्यक्षातही वाईट नव्हती. फक्त आमच्या आधी आमची बातमी पोचायची.

एका फेरीत पहिल्या गावच्या अंगणवाडीत मुलांचं वजन करायचा काटा बघितला. नवाकोरा, बाजूला गणपतीचं स्टिकर. मी नोंद केली. दुसऱ्या गावात काटा बघितला. नवाकोरा, बाजूला गणपतीचं स्टिकर. तिसऱ्या गावात आम्ही चहाला थांबलो नाही, म्हणून थोडे लवकर पोचलो, तर अंगणवाडीच्या दारात एक मोटारसायकल धापा टाकत उभी होती आणि मागच्या सीटवर एक सेविकाताई काटा कडेवर घेऊन बसल्या होत्या, मूल घ्यावं तसा. मला बघून त्यांनी पदर काट्यावर ओढला.

"ताई, हा काटा मी सकाळपासून तिसऱ्यांदा बघते आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही जरा चहा घेत जा ना," त्या म्हणाल्या. "सगळे घेतात."

तेव्हापासून माझा एक नियम झाला. दाखवलेलं नाही, दिसलेलं लिहायचं. आणि मूल असेल तर आवारात, दोन पायांवर उभं असलेलं मोजायचं.

या नियमाने मला एकदा त्रासही दिला. एका पाड्यावरच्या शाळेत मी दिसली तेवढी मुलं लिहिली. आकडा खरा होता, कमी होता. पुढच्या वर्षी ती शाळा बंद होऊन शेजारच्या शाळेत मिळवली गेली. बाकीची मुलं त्या दिवशी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती, आठवड्याने परत येणार होती. हे मी शेरा म्हणून खाली लिहिलं होतं. शेरे कुणी वाचत नाही. त्या इमारतीत आता मांडववाल्याच्या खुर्च्या असतात. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा दुसरीकडे बघते, पण नियम मी बदलला नाही. खोट्या आकड्याने वाचवलेली शाळा कधीतरी खऱ्या आकड्याने बंद होतेच, असं मी स्वतःला सांगते.

हे सगळं डोक्यात असताना आम्ही उंबरपाड्याला गेलो. हे गावाचं खरं नाव नाही. आंबिवलीच्या पुढे, नदीच्या अंगाला आहे, एवढं पुरे.

उंबरपाड्याला शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र एकाच आवारात होतं. बैठकांमध्ये आमचे साहेब लोक हे अभिमानाने सांगायचे: सगळ्या सेवा एका कुंपणात. त्या कुंपणाला एक लोखंडी गेट होतं, आणि त्याची वरची बिजागरी तुटली होती. गेट जमिनीला टेकायचं, उघडताना उचलून ढकलावं लागायचं, आणि तसं ढकललं की असा काही आवाज यायचा की पलीकडच्या शेतातले बगळे उडायचे. एक पट्टी सुटून बाहेर आली होती, सुरीसारखी.

हे गेट दुरुस्त व्हावं म्हणून गावाने अर्ज दिला होता. शिक्षण खात्याने कळवलं की गेटमधून आरोग्याची गाडी आत येते, त्या गाडीमुळे बिजागरी तुटली, सबब गेट आरोग्याचं. आरोग्य खात्याने कळवलं की गेटवर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' असं लिहिलं आहे, सबब गेट शिक्षणाचं. महिला व बालकल्याणने कळवलं की अंगणवाडीतली मुलं गेटच्या फटीतून जातात, त्यांना अडचण नाही.

अशा स्थितीत एका हिवाळ्यात, भातं झोडून झाल्यावर, आम्ही तिथे पोचलो. या वेळी मामला गंभीर होता. कमी पटाच्या शाळा हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवायचा विचार चालला होता, आणि उंबरपाड्याचं नाव त्यात होतं. पटावर सव्वीस मुलं होती. वीसच्या वर मुलं प्रत्यक्ष दिसली तर शाळा राहणार, नाही दिसली तर जाणार, असं आम्हाला सांगून पाठवलेलं होतं.

समितीतले त्या दिवशी आम्ही तिघं. अध्यक्ष म्हणजे सभापती, ज्यांना अख्खा तालुका भाऊ म्हणतो. दणकट माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. तरुणपणी गोविंदा पथकात होते. "टेंभी नाक्याला सहाव्या थरावर उभा राहिलेलो मी," हे ते दर दौऱ्यात एकदा सांगतात. थर एखाद्या वर्षी सातवाही होतो. दुसरे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, नुकतेच नोकरीला लागलेले, अतिशय उत्साही. तिसरी मी. शिक्षण खात्याचे साहेब मोटारसायकलने मागून येणार होते, आणि ते शेवटपर्यंत मागूनच येत राहिले.

पंचायत समितीची जीप त्या दिवशी दुसऱ्या कामाला गेली होती. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पाहणी संयुक्त, मग गाडी आमची घेऊ या." म्हणून आम्ही आरोग्य खात्याच्या पांढऱ्या जीपने गेलो.

इथे आणखी एक गोष्ट समजावून सांगते. गावातल्या उपकेंद्रात नर्स असते, पण लस नसते. लस थंड ठेवावी लागते, म्हणून ती टोचायच्या दिवशी बर्फाच्या पेटीत घालून मोठ्या केंद्रातून आणतात. कशातून? पांढऱ्या जीपमधून. त्यामुळे उंबरपाड्याची मुलं नर्सबाईंना अजिबात घाबरत नसत. डिमेलो सिस्टर मूळच्या वसईकडच्या, मोठ्या आवाजाच्या, प्रेमळ. मुलं त्यांच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या काढून खायची. मुलं घाबरायची ती जीपला.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भाऊंनी खाली उतरून गेट उचललं, ढकललं, गेट किंचाळलं, बगळे उडाले. आम्ही वर्गात गेलो तेव्हा फळ्यावर बेरजा होत्या, जमिनीवर दप्तरं होती, खिचडी शिजत होती, आणि मूल एक होतं. त्याच्या पायाला प्लास्टर होतं.

"बाकीचे?" मी विचारलं.

"पलाले," तो म्हणाला. "मना पलता येत नाय."

भोईर गुरुजी दारात उभे होते. ते याच भागातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"मॅडम, आत्ता होती हो! देवाशप्पथ आत्ता होती. सव्वीसच्या सव्वीस. दप्तरं मोजा पाहिजे तर."

"गुरुजी, दप्तरं मोजून चालणार नाही."

"मी त्यांना आठवडाभर सांगतोय, पाहुणे येणार, नीट बसा. काल नखं कापून घेतली सगळ्यांची." त्यांनी आवाज खाली आणला. "तो रस्ता बघितलात ना येताना? डंपर चालतात दिवसभर. पहिली-दुसरीतली पोरं तो ओलांडणार नाहीत. आणि पोरींना घरचे पाठवणारच नाहीत. शाळा मिळवली असं कागदावर होईल, मॅडम. पोरं घरीच बसतील."

मला मांडववाल्याच्या खुर्च्या आठवल्या. पण वर्गात मूल एकच होतं.

तेवढ्यात बाहेरून डिमेलो सिस्टरांचा आवाज आला. "भाऊ, हात दाखवा बघू! अहो रक्त किती येतंय!"

भाऊंच्या दंडाला त्या सुटलेल्या पट्टीने चांगलं फाडलं होतं. पांढरी बाही लाल झाली होती.

"काय नाय, खरचटलंय," भाऊ म्हणाले.

"गंजलेलं लोखंड आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लागेल. आत्ता."

"घरी जाऊन घेतो."

"घरी जाऊन कोण घेतं? माझा नवरा पण असंच सांगतो. आणि डॉक्टरांनी पेटी आणलीय ना जीपमध्ये."

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

"मॅडम, जीप येणारच होती," ते म्हणाले, "पाचवीच्या मुलांचे धनुर्वाताचे डोस राहिले होते. म्हटलं एका फेरीत दोन्ही कामं होतील. संयुक्त..."

म्हणजे मुलांचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता. आमच्या समितीत असा अचूक अंदाज मी तोवर पाहिला नव्हता.

"ए गुरुजी!" वरून आवाज आला. "गेले का रं ते?"

शाळेच्या मागे कुंपणाच्या भिंतीला लागून एक मोठी चिंच होती. आम्ही मान वर केली. चिंचेला त्या वर्षी मुलं लागली होती. प्रत्येक फांदीवर दोन-तीन, निळ्या-पांढऱ्या गणवेशात. भिंतीपलीकडे पेंढ्याची उडवी होती, तिच्यातूनही डोकी वर येत होती आणि खाली जात होती.

"ही बघा पोरं!" भाऊ आनंदाने ओरडले. "लिहा मॅडम. सव्वीस."

"भाऊ, झाडाचं खोड भिंतीच्या बाहेर आहे."

"फांद्या आत आहेत ना!"

"आवारात दोन पायांवर उभं असलेलं मूल मोजायचं, असं मी आजवर करत आले."

"अहो, फांदीवर काय चार पायांवर उभी आहेत का?"

माझा नियम झाडांचा विचार करून केलेला नव्हता. तरी मी मोजून बघितलं. पण मुलं एका फांदीवरून दुसरीवर जात होती, आणि उडवीतली डोकी तर प्रत्येक वेळी वेगळीच असत. पहिल्यांदा सतरा आली, दुसऱ्यांदा एकतीस. पटापेक्षा पाच जास्त मुलं मी सरकारला कशी कळवणार?

गुरुजी झाडाखाली गेले. "मनीषा, खाली ये गो. सगळ्यांना घेऊन ये. शाळेचं काम आहे."

सर्वांत उंच फांदीवर पाचवीतली एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, तोंडात चिंच. ती बाकीच्यांची पुढारी आहे, हे बघूनच कळत होतं.

"सुई हाय का नाय, तां सांगा आदी."

गुरुजींना एक शब्द खोटं बोलणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर मुलं खाली आली असती, मी मोजली असती, शाळा वाचली असती. गुरुजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झाडाकडे.

"आहे," ते म्हणाले. "फक्त पाचवीला. बाकी कुणाला नाही. आणि पाचवीला आज नाही तर उद्या, पण घ्यायलाच लागणार."

झाडावर चर्चा सुरू झाली. चौथीपर्यंतच्या फांद्या एकदम खूश झाल्या. पाचवीच्या फांद्यांनी त्यांना शिव्या दिल्या. मग मनीषा म्हणाली, "तो मोठा मानूस कोन हाय? रगत आलेला?"

"ते सभापती आहेत. भाऊ."

"त्याला टोचनार ना सिस्टर? मी आयकलं. आदी त्याला टोचा. आमी बघताव. मंग येताव."

"हां! आदी त्याला!" सगळं झाड ओरडलं. उडवीनेही पाठिंबा दिला.

भाऊंचा चेहरा मी विसरणार नाही. ते मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहून टाका ना सव्वीस. मी सही करतो."

"भाऊ, मला दिसल्याशिवाय लिहिता येत नाही."

"मला सुईचं जमत नाय हो," ते आणखी हळू म्हणाले. "लहानपणापासून. डोळ्यांसमोर अंधारी येते."

"तुम्ही सहाव्या थरावर उभे राहिलेले आहात."

"तिथे खाली माणसं असतात धरायला!"

पण तोवर सिस्टरांनी वर्गातली खुर्ची आवाराच्या मधोमध आणून ठेवली होती, झाडावरून नीट दिसेल अशी. डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन आले. भाऊंनी गेटकडे बघितलं, जीपकडे बघितलं. हा त्यांचाच गण, इथूनच ते निवडून आलेले. कुंपणाशी एव्हाना चार-पाच बायाही येऊन उभ्या होत्या. भाऊ खुर्चीत बसले, दुसऱ्या दंडाची बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले.

"आई गो!" ते ओरडले.

"आजून टोचली नाय, भाऊ!" झाडावरून कुणीतरी सांगितलं.

सगळं झाड हसायला लागलं. दोन-तीन मुलं हसता हसता घसरून खालच्या फांदीवर आली. सिस्टर हसत होत्या, त्यामुळे त्यांना एक क्षण थांबावं लागलं, आणि त्या क्षणी भाऊ दुसऱ्यांदा ओरडले. खरोखर टोचलं तेव्हा ते ओरडलेच नाहीत. त्यांना कळलंच नाही. झालं, असं सिस्टरांनी सांगितल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

मग मनीषा खाली उतरली. तिने शब्द पाळला. तिच्या मागून बाकीची, भिंतीवरून एकेक करून आवारात उडी मारत. मी उडी पडली की एक मोजत होते. उडवीतून पेंढा लागलेली लहान मुलं आली. प्लास्टरवाला तर पहिल्यापासून होताच. पंचवीसला मोजणी थांबली. वीसच्या वर होती, भाऊ म्हणाले, झालं काम. पण गुरुजी अस्वस्थ झाले, आणि खरं सांगायचं तर मीही झाले. शेवटी एक दुसरीतला मुलगा उडवीच्या तळाशी गाढ झोपलेला सापडला. त्याला गुरुजींनी उचलून आणलं आणि माझ्यासमोर दोन पायांवर उभा केला. तो डोळे चोळत उभा राहिला. सव्वीस.

पाचवीतून पहिली मनीषा बसली. बाही वर करताना तिने शेजारी उभ्या भाऊंना विचारलं, "दुकते का?"

"नाय गो," भाऊ म्हणाले. "मुंगी चावल्यासारकं."

"मंग आयेला का हाक मारलीस?"

भाऊंनी तिचा दुसरा हात धरला, आणि टोचून झालं तरी बराच वेळ सोडला नाही. कोण कुणाला धरून होतं, ते मी नोंदवलेलं नाही.

अहवालात मी उपस्थिती पूर्ण लिहिली. शेऱ्यात लिहिलं की मुलं सुरुवातीला वर्गाबाहेर होती आणि अध्यक्षांच्या प्रयत्नांनी आत आली. हे शब्दशः खरं आहे. शाळा यादीतून वगळली गेली. हे कळवायला मी गुरुजींना फोन केला तेव्हा ते "बरं बरं" एवढंच म्हणाले, आणि फोन तसाच हातात धरून वर्गाकडे वळले. मागून पाढे ऐकू येत होते.

आता पाहण्या मोबाइलवरच्या अ‍ॅपवर होतात. फोटो काढायचा, जागा आपोआप नोंदवली जाते, समिती हिंडत नाही. काम लवकर होतं, काटेही गावोगाव पोचले आहेत. पण झाडावरच्या मुलांसाठी अ‍ॅपमध्ये रकाना नाही, आणि शेरा लिहायला जागा इतकी लहान आहे की मी तो विषय वर कळवला आहे.

उंबरपाड्याचं गेट मात्र त्या पाहणीच्याच आठवड्यात दुरुस्त झालं. कल्याणहून वेल्डर आला, नवी बिजागरी लागली, पट्टी कापली, वर रंग. कुठल्या खात्यातून, हे विचारू नका. मी विचारलं होतं. भाऊ म्हणाले, "मॅडम, माझ्या दंडाच्या खात्यातून."

दोनेक महिन्यांनी आम्ही परत गेलो. गेट बोटाने ढकललं तरी उघडत होतं, लोण्यासारखं. सव्वीस मुलं वर्गात होती. गावकऱ्यांची काही तक्रार असेल तर ती ऐकून नोंदवायची, असा आमचा शिरस्ता आहे. गावकरी कुणी बोलले नाहीत. मनीषाने हात वर केला.

"बोल," मी म्हटलं.

"बाय, जुना गेट बरा होता."

"का गं?"

"तो वाजायचा. आमाला कलायचा, कोन आला तां. आता जीप कदी येते तां कलतच नाय. परवा सिस्टरनी गोल्या देल्या, जंताच्या. सगल्यांला. एक पन पलाला नाय." तिच्या आवाजात खरं दुःख होतं. बाकीच्या पंचवीस जणांनी माना डोलावल्या.

भाऊ तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. गुरुजी फळा पुसू लागले, तो स्वच्छच होता. पण तक्रार ऐकली की नोंदवायची, वय बघायचं नाही, असा माझा नियम आहे. मी वही उघडली आणि लिहिलं: 'मागणी: गेट पूर्वीप्रमाणे वाजतं करावं. संबंधित खातं: शिक्षण की आरोग्य, हे ठरायचं आहे.'

माझ्या माहितीप्रमाणे ते अजून ठरलेलं नाही.